‘आय ॲम बॅफलिंग’: -इंग आणि -एडचा दरवर्षीचा घोळ, आणि त्यावरचा इलाज

जूनच्या शेवटी आमच्याकडच्या शाळा उघडतात आणि ‘आय ॲम व्हेरी कन्फ्यूजिंग’ सुरू होतं. मार्चच्या पेपरापर्यंत ते काही जात नाही. मधल्या काळात व्याकरणाचा धडा होतो, गाइड पाठ होतं, गाळलेल्या जागा भरून होतात. पण पोरगं स्वतःच्या मनानं दोन वाक्यं लिहायला बसलं की पुन्हा तेच. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी इंग्रजीची शिकवणी घेतो. आठवी ते बारावीची पोरं येतात, संध्याकाळी नोकरीचे अर्ज लिहून घ्यायला मोठी माणसंही येतात, आणि चूक सगळ्यांची एकच. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे विचारणाऱ्याला हेच पाठवता येईल.

चूक अशी दिसते. एखादी गोष्ट डोक्यात शिरत नाही, माणूस चक्रावला आहे, आणि तो लिहितो: ‘आय ॲम बॅफलिंग.’ याचा अर्थ झाला, मी लोकांना चक्रावून सोडणारा माणूस आहे. कधी उलटं होतं. गणित अवघड असतं आणि वहीत येतं: ‘द सम इज कन्फ्यूज्ड.’ म्हणजे बिचारं गणितच गोंधळून बसलं आहे. तिसरा प्रकार ‘आय ॲम कन्फ्यूज’. त्यात -इंगही नाही आणि -एडही नाही. आणि सगळ्यांत गमतीचा नमुना ‘आय ॲम बोरिंग’. आमच्या भागात बोरिंग म्हणजे शेतातली नाहीतर चौकातली कूपनलिका. ‘बोरिंगले पाणी लागलं का?’ हा उन्हाळ्यातला रोजचा प्रश्न. त्यामुळे वर्गात कोणी ‘आय ॲम बोरिंग’ म्हणालं की मागच्या बाकावरून ‘किती फुटावर पाणी हाय बे?’ येतंच.

मूळ कुठे आहे

गाइडात कारण दिलेलं असतं: विद्यार्थ्यांना विशेषण आणि क्रियापद यांतला फरक कळत नाही. कारण खरं आहे, पण त्यानं आमच्या पोरांचं दुखणं सापडत नाही. ती अडतात ‘राह्यलो’पाशी.

वऱ्हाडीत चालू असलेली क्रिया ‘राहणे’ लावून सांगतात. जाऊन राह्यलो, जेवून राह्यली, काय करून राह्यला बे? पाचवी-सहावीत ‘आय ॲम गोइंग’ शिकवताना प्रत्येक मास्तर सांगतो की -इंग म्हणजे ‘राह्यलो’. ‘ही इज ईटिंग’, तो जेवून राह्यला. हे पोरांना लगेच पटतं, कारण ‘तो जेवत आहे’ असं घरी कोणीच बोलत नाही आणि ‘जेवून राह्यला’ सगळेच बोलतात. मग एक दिवस बीजगणित सुटत नाही. डोक्यात वाक्य तयार होतं, ‘मी कन्फ्यूज होऊन राह्यलो.’ राह्यलो आलं, म्हणजे -इंग लावा. झालं ‘आय ॲम कन्फ्यूजिंग’. पोरानं नियम मोडला नाही. शिकवलेला नियम इमानेइतबारे लावला. म्हणूनच तेच वाक्य दहा वेळा लिहायला लावलं तरी फरक पडत नाही: हात दहा वेळा बरोबर लिहितो आणि डोकं आपल्या नियमावर कायम राहतं.

‘आय ॲम कन्फ्यूज’चा उगम वेगळा. आपण मराठीत बोलताना ‘मी कन्फ्यूज आहे’, ‘लय कन्फ्यूज झालो’ असंच म्हणतो, आणि इंग्रजी बोलणाऱ्याच्या तोंडून ‘कन्फ्यूज्ड’ ऐकलं तरी शेवटचा ड पुसटसा येतो. कानाला न लागलेलं अक्षर हातातून उतरत नाही. उलट काही शाळांत ‘कन्फ्यूजेड’, ‘बॅफलेड’ असं ठासून म्हणायला शिकवतात. त्यानं स्पेलिंग पक्कं होतं हे कबूल, पण उच्चार बिघडतो. -एडचा उच्चार ‘एड’सारखा फक्त ट किंवा ड या आवाजानंतर होतो: एक्सायटेड, फ्रस्ट्रेटेड. बाकी ठिकाणी नुसता ड, बॅफल्ड, पझल्ड. आणि परप्लेक्ससारख्या शब्दामागे तर चक्क ट, परप्लेक्स्ट. लिहायचं मात्र सगळीकडे सारखंच.

इलाज: पडणे आणि पाडणे

औषध आपल्याच बोलीत आहे, बाहेरून आणायची गरज नाही. कोड्यात पडलेला माणूस, कोड्यात पाडणारी गोष्ट. -एड म्हणजे पडलेला, -इंग म्हणजे पाडणारं. ‘बॅफलिंग’ म्हणजे बुचकळ्यात पाडणारं, ‘बॅफल्ड’ म्हणजे बुचकळ्यात पडलेला. वाक्य लिहिण्याआधी स्वतःला विचारायचं: पाडलं कोणं, पडलं कोण?

हे नुसतं सांगून चालत नाही, एखाद्या घडलेल्या गोष्टीवर घासून घ्यावं लागतं. मी चंद्रपूर जिल्ह्यातली घेतो. 2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भातल्या किती तरी गावांतून लोकांनी आकाशात जळत जाणारे तुकडे पाहिले, आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं एक भलंमोठं कडं येऊन पडलं. आसपासच्या गावांत धातूचे गोळेही सापडले. चिनी रॉकेटचा हा उरलेला भाग असावा असं जाणकारांनी नंतर सांगितलं, पण त्या रात्री कोणाला काय माहीत? आता इथे लावा प्रश्न. पाडलं कोणं? कड्यानं. मग ‘द रिंग वॉज बॅफलिंग’. पडलं कोण? गावकरी. ‘द व्हिलेजर्स वेअर बॅफल्ड’. ‘पण सर, पडलं तर कडं ना!’ असं म्हणणारा एक तरी बहाद्दर निघतोच. त्याला सांगायचं, बाबा, जमिनीवर पडलं ते कडं, कोड्यात पडले ते लोक. आणि खरं सांगू का, ज्याला हा विनोद सुचला त्याचं वाक्य पुन्हा चुकत नाही.

हाच प्रश्न अशा शब्दांच्या सगळ्या कुटुंबाला लागू पडतो. ‘आय ॲम इंटरेस्टिंग इन क्रिकेट’ लिहिणाऱ्याला गोडी लागलेली आहे, गोडी लावणारं क्रिकेट आहे. म्हणून तो ‘इंटरेस्टेड’. थकवणारी वारी ‘टायरिंग’, थकलेला वारकरी ‘टायर्ड’. निराश करणारा निकाल ‘डिसअपॉइंटिंग’, निराश झालेली मुलगी ‘डिसअपॉइंटेड’. एक शब्द पक्का झाला की बाकीचे फार त्रास देत नाहीत.

इलाज करूनही चूक परत येते तेव्हा

बहुतेक वेळा मधे कोणीतरी सोपा नियम सांगितलेला असतो: वस्तूला -इंग, माणसाला -एड. हा नियम आमच्याकडे फार लोकप्रिय आहे, कारण दहापैकी आठ प्रश्न त्यानं सुटतात. मला तो अजिबात आवडत नाही. उरलेल्या दोन ठिकाणी तो असा आपटवतो की पोरगं पुन्हा ‘राह्यलो’कडे धावतं. ‘ही इज अ बॅफलिंग मॅन’ हे पूर्ण बरोबर वाक्य आहे. या माणसाचा थांगच लागत नाही, तो समोरच्याला चक्रावून सोडतो. उलट ‘अ पझल्ड लुक’, ‘अ कन्फ्यूज्ड आन्सर’ यांत माणूस कुठेच नाही, तरी -एड आहे, कारण आपणही गोंधळलेला चेहरा, गोंधळलेलं उत्तर असंच म्हणतो. पडलेला-पाडणारा या जोडीवर राहिलात तर ही वाक्यं आपोआप जागेवर बसतात.

दुसरी अडचण हुशार पोरांची. ती म्हणतात, सर, ‘द सम इज कन्फ्यूजिंग मी’ असं वाक्य पुस्तकात आहे, तिथे तर ‘राह्यलं’च होते. बरोबर आहे त्यांचं. गणित मले गोंधळात टाकून राह्यलं. इथे -इंगच्या पुढे ‘मी’, म्हणजे मला, आलं आहे. कोणाला गोंधळवून राह्यलं ते सांगितलं आहे. असं कोणी पुढे उभं असलं की ते क्रियापद, आणि ‘राह्यलं’ चालतं. पुढे कोणी नसेल तर या कुटुंबातला शब्द विशेषण समजा. तरी शंका उरली तर आधी ‘व्हेरी’ घालून पाहा. ‘व्हेरी कन्फ्यूजिंग’ जमतं, ‘व्हेरी ईटिंग’ जमत नाही. जमलं की विशेषण.

तिसरी अडचण पुढे लागणाऱ्या ‘बाय’, ‘फ्रॉम’सारख्या शब्दांची. आमच्या वह्यांत ‘बॅफल्ड फ्रॉम’ आणि ‘बॅफल्ड विथ’ ढिगानं सापडतात. त्याच्या वागण्यानं चक्रावलो, यातला ‘नं’ इंग्रजीत ‘बाय’ होतो: ‘बॅफल्ड बाय हिज बिहेवियर’. ‘परप्लेक्स्ट’लाही ‘बाय’. ‘कन्फ्यूज्ड’ला ‘बाय’ चालतं आणि एखाद्या बाबतीत गोंधळ असेल तर ‘अबाउट’. पाडणाऱ्या बाजूनं लिहायचं असेल तर ‘बॅफलिंग टू मी’. आणि ‘आय फाइंड इट बॅफलिंग’ यातलं ‘इट’ गाळू नका. मराठीत ‘मला चक्रावणारं वाटतं’ यात ‘ते’ म्हणावं लागत नाही, म्हणून ते हमखास गळतं.

स्पेलिंगचं थोडक्यात. बॅफल, पझल, कन्फ्यूज यांच्या शेवटी ई असतो आणि -इंग लागताना तो गळतो. परप्लेक्सला ई नाही, त्यामुळे गळायचा प्रश्न नाही. बॅफलमध्ये एफ दोन. बफेलोतही दोनच, पण म्हशीचा याच्याशी काही संबंध नाही, हेही दरवर्षी सांगावं लागतं.

मग यातला कोणता शब्द घ्यायचा?

शब्दकोशात या सगळ्यांपुढे ‘गोंधळात टाकणारा’ असा एकच अर्थ छापलेला सापडतो, आणि पोरं मग जो शब्द भारी दिसेल तो उचलतात. खरं तर प्रत्येकाची जागा वेगळी आहे.

‘कन्फ्यूजिंग’ रोजच्या वापराचा. बसचं वेळापत्रक, दोन सारखी नावं, अर्धवट सूचना. नीट मांडलं की गोंधळ जातो. ‘पझलिंग’मध्ये कोडं आहे, म्हणजे उत्तर असणार, ते अजून मिळायचं आहे. ‘बॅफलिंग’मध्ये बुद्धी पुढे सरकतच नाही. टँकरच्या टाकीत आत आडवे पत्रे लावलेले असतात, भरल्या टँकरला ब्रेक मारला तर पाणी एकदम पुढे उसळू नये म्हणून. त्या पत्र्यालाही इंग्रजीत बॅफलच म्हणतात. उन्हाळ्यात टँकर रिकामा असताना झाकण उघडून आत बॅटरी मारून दाखवली की पोरांच्या हा शब्द असा लक्षात राहतो की मग वेगळं समजवावं लागत नाही: पाणी जिथे थटून थांबतं तसं डोकं थांबतं.

पझलिंग आणि बॅफलिंग यांतला फरक लोणारवर चांगला दाखवता येतो. जून 2020 मध्ये बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. उल्केच्या आघातानं बेसाल्ट खडकात तयार झालेलं हे खारट, अल्कधर्मी पाण्याचं सरोवर. रंग एवढा ठळक बदललेला पाहून लोक थक्क झाले. त्या पहिल्या दिवसांत ‘बॅफलिंग’ चपखल. मग पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले, क्षार वाढले का, शेवाळ आहे का, असे तर्क सुरू झाले. आता उत्तराचा माग लागला होता, म्हणून ‘पझलिंग’. हॅलोआर्किया नावाच्या, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचं निष्पन्न झालं, आणि दोन्ही शब्द कामातून गेले. आज लोणारवर निबंध लिहिताना ‘द पिंक कलर इज बॅफलिंग’ लिहिणं चूक. ‘वॉज बॅफलिंग’ लिहा. कारण कळलेल्या गोष्टीला वर्तमानकाळात हा शब्द शोभत नाही. माझ्या मते या विशेषणाबद्दल पुस्तकांनी सांगायला हवं आणि न सांगितलेलं हेच आहे.

‘परप्लेक्सिंग’ला गुंत्याचा आणि काळजीचा वास आहे. शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं विणणे, गुंफणे आहे. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं आमच्या कपाशीचं जे केलं त्याला हा शब्द बसतो. बीटी बियाणं पेरलेलं, म्हणजे बोंडअळीची भीती नको, हे वर्षानुवर्षं ऐकलेलं. पऱ्हाटी वरून हिरवीगार, बोंड बाहेरून ठणठणीत, आणि फोडलं की आत सरकी खाणारी अळी. फुलाच्या पाकळ्या उमलायच्याऐवजी एकमेकींत गुंतून मिटलेल्या राहायच्या. त्याला डोमकळी म्हणतात. डोमकळी हातानं उकलून पाहिली की आत गुलाबी अळी सापडायची. अळी आतच राहत असल्यानं वरून मारलेला फवारा तिच्यापर्यंत पोचत नव्हता. काय करावं ते सुचत नाही, आणि न करून भागत नाही, अशा जागी ‘परप्लेक्सिंग’ लिहा. क्रिकेटचा निकाल अनपेक्षित लागला म्हणून ‘परप्लेक्सिंग’ लिहिणं म्हणजे शब्द वाया घालवणं.

‘बिवाइल्डरिंग’ हा आमच्या लोकांना सगळ्यांत लवकर समजणारा शब्द आहे, कारण त्यासाठी आपल्याकडे चकवा आहे. रात्री रानातून येताना माणसाला चकवा लागतो, ओळखीची वाट सापडत नाही, तो फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो. इंग्रजी शब्दातही ‘वाइल्ड’, म्हणजे रान, बसलेलं आहे. पण आजच्या इंग्रजीत तो बहुधा फार गोष्टी एकदम समोर आल्यावर वापरतात. मे महिन्यात कृषी केंद्राच्या काउंटरपुढे उभं राहा, कपाशीच्या बियाण्याची पाकिटं ओळीनं लावलेली, प्रत्येकावर टपोऱ्या बोंडाचा तोच फोटो: ‘अ बिवाइल्डरिंग चॉइस’. तिथे एकही पाकीट गूढ नसतं, संख्येनंच डोकं फिरतं.

माणसांसाठी ‘एनिग्मॅटिक’, म्हणजे गूढ, आणि ‘इनस्क्रूटेबल’ आहेत. दुसऱ्यात निवडणुकीच्या अर्जांच्या छाननीची ‘स्क्रूटिनी’ दडलेली आहे. कितीही छाननी केली तरी चेहऱ्यावरून काही कळत नाही, असा माणूस. सरपंचपदाच्या निवडीच्या आदल्या रात्री काही सदस्यांचे चेहरे असे असतात.

या शेवटच्या दोघांबरोबर एक इशारा: यांना ‘पडलेला’ रूप नाही. ‘मिस्टीरियस’, ‘स्ट्रेंज’ यांनाही नाही. ‘आय ॲम मिस्टीरियस अबाउट धिस’ असं कोणी लिहिलं तर तो स्वतःलाच गूढ म्हणवतो आहे. इथे कर्ता बदला: ‘धिस इज मिस्टीरियस टू मी’. काही शब्दांत पाडणाऱ्या बाजूला -इंग येत नाही, वेगळंच रूप येतं. घाबरलेला ‘स्केअर्ड’, पण घाबरवणारं ‘स्केअरी’. प्रभावित झालेला ‘इम्प्रेस्ड’, प्रभाव पाडणारं ‘इम्प्रेसिव्ह’. ताण आलेला ‘स्ट्रेस्ड’, ताण देणारं ‘स्ट्रेसफुल’. ही तीन-चार पाठच करावी लागतात, त्याला इलाज नाही.

जोर द्यायचा असेल तर ‘बॅफलिंग’ आणि ‘बॅफल्ड’च्या आधी ‘कम्प्लीटली’, ‘टोटली’, ‘अटर्ली’ लावा. ‘व्हेरी बॅफलिंग’ व्याकरणात बसतं, पण फिकं वाटतं, कारण शब्द आधीच टोकाचा आहे. ‘व्हेरी’ हवंच असेल तर ‘व्हेरी पझलिंग’ घ्या.

शेवटचा मुद्दा मोठ्यांसाठी, कारण पोरांना अर्ज लिहायचे नसतात. वीजबिल अचानक तिप्पट आलं, पीकविम्याचा अर्ज कारण न देता नामंजूर झाला, की लोक रागारागानं येतात आणि म्हणतात, सर, तो नवीन शब्द टाका ना, ‘आय ॲम बॅफल्ड’. व्याकरण बरोबर. पण इंग्रजी पत्रात ‘आय ॲम बॅफल्ड बाय युअर डिसिजन’ म्हणजे ‘तुमच्या निर्णयाला काही अर्थ नाही’ असं सभ्य भाषेत सुनावणं आहे. पहिल्याच अर्जात ते नको. ‘आय ॲम अनेबल टू अंडरस्टँड द रीझन’ लिहा आणि कारण लेखी मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलं आणि त्यात पुन्हा कारणच नसलं, तर दुसऱ्या अर्जात खुशाल ‘बॅफल्ड’ लिहा, पुढे ‘बाय’ लावायचं तेवढं विसरू नका.